रॅमला लावलेली कानस

सांगण्यासारखी गोष्ट नाही ही. पण गल्लीत निम्म्या लोकांना कळलीच आहे, आणि जो तो आपल्या घरचं मीठ घालून सांगतोय. त्यापेक्षा मूळ माल माझ्याकडूनच घ्या. चहा घ्या. हसू आलं तर कप खाली ठेवून हसा, अंगावर सांडून घेऊ नका. मी हसणार नाही. मला अजून हसू येत नाही.

मी लूमचा मास्तर. मास्तर म्हणजे शाळेतला नव्हे! शाळेची आणि माझी चौथीतच फारकत झाली. इथे सुरतेत लूम, म्हणजे कापडाचे माग, दुरुस्त करणाऱ्याला मास्तर म्हणतात. मिसरूड फुटायच्या आत अमळनेरकडून आलो आणि सगळी उमर लूमच्या खडखडाटात काढली. कान त्यामुळे जाड झाले. मानही त्यामुळेच ताठ झाली असं लोक म्हणतात. ते खोटं आहे. मान जन्मापासून तशीच आहे.

आमच्या कामाची एक रीत तुम्हाला माहीत पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. लूमच्या धंद्यात 'हा पार्ट बसत नाही' असं कोणी म्हणत नाही. गिअर दुसऱ्या कंपनीचा आहे? असू दे. भोक लहान आहे? असू दे. कानस घ्यायची, चार हात मारायचे, फुंकर घालायची, बसवायचा. वर हातोडीची एक टिचकी. लूम चालू! शेठ खूश, कारीगर खूश. भंगारातले पार्ट घासून बसवलेले माझे लूम अजून चालताहेत. नव्यांच्या आधी ते मोडत नाहीत. 'घासून बसव' हाच आमचा मंत्र.

हा मंत्र मी कुठे म्हटला, ते ऐका.

आमचं घर पर्वत पाटियाच्या मागे. मुलगा हजीऱ्याला कारखान्यात, तो शिफ्टमध्ये. त्याचं या गोष्टीत काम नाही. गोष्ट आहे सुनेची. वैशाली. शिकलेली मुलगी. वरच्या खोलीत तिने साड्यांच्या डिझाइनचं काम थाटलंय. दोन मुली कॉम्प्युटरवर बसून काठ काढतात, पदर काढतात, बुट्ट्या काढतात. हाताला रंग नाही, कागद नाही, आणि साडी तयार! मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणालो, "चांगलं आहे." माझ्या तोंडून 'चांगलं आहे' निघालं म्हणून बायकोने त्या दिवशी शिरा केला होता.

तर ही सगळी डिझाइनं त्या मुलींच्या कॉम्प्युटरमध्ये राहत नाहीत. ती राहतात कोपऱ्यातल्या एका काळ्या पेटाऱ्यात, आणि कामही त्याच्यातच चालतं. त्याला सर्व्हर म्हणतात. वैशालीने तो जुना घेतलेला, कुठल्या तरी ऑफिसातून निघालेला. दिसायला पिठाच्या डब्याएवढा, आवाज पिठाच्या गिरणीचा. मला तो आवाज आवडायचा. बायको म्हणाली, "बरं झालं, घरात तुम्हाला जोडीदार आला."

या पेटाऱ्याला एक खोड होती. दोघी मुलींनी मोठ्या पदराच्या फायली एकदम उघडल्या की तो गप्प. पडद्यावर ते गोल चक्र फिरतंय, फिरतंय... तोवर माणूस जेवून येईल. वैशाली म्हणायची, रॅम कमी पडते. रॅम म्हणजे कॉम्प्युटरची कामापुरती आठवण. एका वेळी जेवढं डोक्यात धरता येतं तेवढी.

एरवी हे चाललं असतं. पण जयंतीभाई शेठ यायचे होते. साडीचे मोठे व्यापारी. ही गोष्ट घडली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन ते स्वतः बघणार होते, की या घरातल्या खोलीत त्यांचं सीझनचं काम पेलतं का. पेललं, तर सगळा सीझन वैशालीकडे. पेटारा त्यांच्यासमोर गप्प बसला, तर नमस्कार आणि जिना! तिची झोप उडाली होती. बोलत नव्हती, पण भाजीत दोनदा मीठ पडायला लागलं की आपल्याला कळतं.

रॅमचा बंदोबस्त तिने केला होता. परेशभाई म्हणून जुने कॉम्प्युटर विकणारा आणि दुरुस्त करणारा आहे, त्यानेच पेटारा दिलेला. त्याने रॅम काढून ठेवली होती. फक्त आणायची होती. पण तिला कतारगामला एम्ब्रॉयडरीचे नमुने घ्यायला जायचं होतं. मुलींना तिने दुपारनंतर सुट्टी दिली.

मी म्हणालो, "रॅम मी आणतो."

"नाना, नुसतं पाकीट घ्यायचं. परेशभाईंना सगळं माहीत आहे. आल्यावर मी लावते."

'नुसतं पाकीट घ्यायचं.' हे कोणाला? मला! ज्याच्या हातून सुरतेतल्या निम्म्या लूमचे... जाऊ दे. तेव्हाही मी 'जाऊ दे' म्हणालो, पण मनातून गेलं नाही.

परेशभाईच्या दुकानात गर्दी. तो गुजरातीत बोलतो, मी मराठीत बोलतो, सुरतेत कोणाचं काही अडत नाही. त्याने खणातून पाकीट काढलं. आत हिरव्या पट्ट्या. मळकट. एकीवरचं लेबल निम्मं निघालेलं.

"लो काका, वैशालीबेनची रॅम."

मी चष्मा पुसला. "ही कोणाच्या तरी मशीनमधून काढलेली दिसते."

"हा, काढलेलीच. तपासून ठेवलीय. एकदम मस्त चालशे."

"जुनी मला नको. उद्या शेठ येणार आहेत घरी. नवी दाखव."

शेजारी काचेत नव्या पट्ट्या होत्या. चकचकीत. लांबी तीच, रुंदी तीच, सोनेरी दातही तसेच. मी बोट ठेवलं. "ही दे."

"काका, आ नहीं चाले."

"का नाही चालत?"

तो बिचारा गिऱ्हाइकं सोडून मला समजवायला लागला. म्हणाला, "काका, तुमचा बोर्ड जुना. बोर्डावर चिपसेट असतो, आणि प्रोसेसर. कुठल्या पिढीची रॅम घ्यायची, कुठल्या जातीची, किती घ्यायची, हे ते ठरवतात. तुमचा बोर्ड फक्त आधीच्या पिढीची, सर्व्हरवाली रॅम घेतो. ही नवीन पिढीची आहे, आणि घरच्या कॉम्प्युटरची. तो हिला उभी पण नाही करणार."

"ठरवणारा हा चिपसेट केवढा असतो?"

त्याने दोन बोटांत माप दाखवलं. बिस्किटाएवढं.

"एवढासा? आणि तो मला सांगणार?"

गिऱ्हाइकं हसली. मला वाटलं, परेशभाईला हसताहेत.

तो बापडा तरी थांबेना. म्हणाला, सर्व्हरवाल्या रॅमवर एक जास्तीची चिप असते, हिशेबात चूक झाली की ती आपणच पकडते, आपणच सुधारते. मी मनात म्हटलं, माल खपवायला माणूस काय काय सांगतो! आपली चूक आपण पकडणारी वस्तू मी उभ्या जन्मात पाहिलेली नाही. माणसांत नाही, मशिनीत नाही, आरशात तर नाहीच.

"वैशालीबेनला फोन लावू?" त्याने विचारलं.

"सून माझी, घर माझं. फोन कशाला? मी मास्तर आहे. मशीन मला शिकवू नकोस."

त्याने हात जोडले आणि नव्या रॅमच्या दोन पट्ट्या दिल्या. "काका, पण पाकीट फोडू नका. बेनला दाखवा. नहीं चाले तो बदलून देईन. फक्त हात नका लावू."

सांगा, याहून स्वच्छ कोणी काय सांगायचं? देवानेसुद्धा एवढं समजावून कोणाला सांगितलं नसेल.

घरी आलो. वैशाली आलेली नव्हती. खोली रिकामी. मी म्हटलं, येईल तेव्हा काम तयार. म्हणेल, नाना, तुम्ही? मी म्हणेन, हं. एवढंच. जास्त बोलायचं नाही. हे सगळं मी जिना चढताना ठरवलं. मग पाकीट फोडलं.

भिंतीवरचं बटण बंद केलं, वायर काढली, पेटाऱ्याची बाजूची फळी उघडली. एवढं मला येतं. आत पाहिलं आणि खरं सांगतो, मन प्रसन्न झालं. नीटनेटकं काम! मधे प्रोसेसरची दोन घरं. एका घरात प्रोसेसर बसलेला, डोक्यावर ॲल्युमिनियमच्या पात्यांची टोपी. दुसरं घर रिकामं, वर काळं झाकण. वैशालीचा बेत होता, की शेठचं काम मिळालं की पहिल्या पैशातून तिथे दुसरा प्रोसेसर बसवायचा. दोन्ही घरांच्या बाजूला रॅमच्या खाचा. भरलेल्या घराकडे जुन्या पट्ट्यांची दाटी, हात जाईना. रिकाम्या घराकडे मोकळं. मी म्हटलं, इथेच बसवू.

पण मशीन उघडलं आणि साफ केलं नाही, असं कधी झालं? मी काळं झाकण काढलं. आत काय असावं? सोन्याचे केस! बारीक, दाट, रांगेने उभे. मला फणीच आठवली. लूमवर ताण्याचे धागे जिच्यातून जातात ती, दातांची फणी. फणीत तूस अडकतं, मग आम्ही ब्रश मारतो. इथेही एक तुसाचा कण दिसला. मी माझा ब्रश आणला. उभा मारला. मग आडवा मारला. काही केस आडवे झाले. मला वाटलं, आता नीट बसले.

तेलाची कुपीही हातात घेतली होती. पण थेंब टाकला नाही. तेवढी अक्कल शिल्लक होती. तेवढीच.

मग रॅम. पट्टीच्या सोनेरी दातांत एक खाच असते आणि खाली बोर्डावर एक खुंटी. खाच खुंटीवर बसली पाहिजे. बसेना. खाच जराशी सरकलेली होती. फार नाही, तांदळाएवढी.

तांदळाएवढी! आता तुम्हीच सांगा, लूमच्या मास्तराने तांदळापुढे हात टेकायचे? 'चुकीची रॅम कोणी लावू नये म्हणूनच खाच तिथे ठेवतात काका,' असं परेशभाई मला नंतर म्हणाला. मला तेव्हा वाटलं, कारखान्यात भोक पाडताना कोणाचा तरी हात हलला असणार.

मी खाली जाऊन कानस आणली. बारीक दातांची, माझी आवडती. वर्तमानपत्र पसरलं, पट्टी गुडघ्यात धरली आणि घासायला बसलो. खर्र, खर्र. कागदावर सोन्याची भुकटी पडत होती. पडू दे.

बायको दारात आली. घरात दोघंच असलो की ती अहिराणीवर येते.

"हाई काय करी राह्यनात तुम्ही?"

"रॅम बसवतोय."

"कानस लावीसन?"

"बसत नाही, मग काय करू?"

"तिले येऊ द्या ना."

"ती येईल तेव्हा काम झालेलं असेल. तू चहा ठेव."

ती चहा ठेवायला गेली नाही. दारातच पदर तोंडाला लावून उभी राहिली. ती का उभी होती ते मला आता कळतं. साक्षीला!

दोन्ही पट्ट्या घासल्या, खाचेत धरल्या आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबल्या. 'कट्' असा आवाज आला. बसण्याचा आवाज आणि मोडण्याचा आवाज यात फार फरक नसतो, हे मी आता शिकलोय. तेव्हा म्हटलं, बसली. झाकण लावलं, फळी लावली, वायर लावली, बटण दाबलं.

पेटारा गरजला! दिवे लागले! मी बायकोकडे पाहिलं. कसं पाहिलं असेल, ते तुम्ही समजा.

मग खाली टपरीवर आलो. तुम्हीच बसला होता ना तिथे? 'मास्तर, आज खुशीत?' असं कोणी विचारलं? तूच विचारलंस. मी म्हणालो, सर्व्हर दुरुस्त करून आलो. 'काय झालं होतं त्याला?' मी म्हणालो, काही नाही, आतला एक मुकादम माजला होता. त्याला सरळ केला. सगळ्यांचा चहा मी सांगितला. आठवतंय? आठवू नका.

वैशाली आली. नमुन्यांची पिशवी खाली ठेवली. "नाना, आणली रॅम?"

"लावली."

"लावली? कोणी?"

"हं," मी म्हणालो. ठरवल्याप्रमाणे.

ती आनंदाने वर पळाली. मी खाली कान देऊन बसलो. आता हाक येईल, आता येईल... हाक आली.

"नाना, मशीन रॅम तेवढीच दाखवतंय. नवी धरतच नाही."

मी वर गेलो. तिने दोन मोठ्या फायली उघडून दाखवल्या. गोल चक्र फिरायला लागलं. शेठ उद्या सकाळी. तिचा चेहरा उतरला.

तिने फोन लावला, आवाज मोठा ठेवून. परेशभाई म्हणाला, "बेन, मी तर तुमचीच रॅम काढली होती. काकाने जिद्द करून नवी घेतली. मी ना पाडी, नको म्हटलं."

वैशालीने माझ्याकडे पाहिलं. "नाना, तुम्ही मागितलीत नवी?"

इथे, मंडळी, माझी जीभ एकदा नीट चालली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण बायको समोर. सून समोर. टपरीवर पाजलेला चहा अजून पोटात. मी म्हणालो, "त्याने दिली ती मी आणली."

बस्स. एवढं वाक्य. उभ्या आयुष्यात लोक मला खडूस म्हणाले, हेकट म्हणाले. खोटारडा कोणी म्हणालं नव्हतं. बायको भिंतीकडे बघायला लागली.

आणि वैशाली फोनमध्ये काय म्हणाली असेल? "परेशभाई, आमचे नाना खोटं बोलत नाहीत."

माझ्या पायाखालची फरशी हलली. भूकंप झाला असता तर बरं, असं वाटलं.

तो भला माणूस. म्हणाला, भांडण नको, मी बरोबर रॅम घेऊन येतो, ती परत घेतो. दिवेलागणीला आला. स्कूटर लावली, वर आला, मला "केम छो काका" म्हणाला. मी उगीच पंख्याचं बटण तपासायला लागलो.

त्याने फळी उघडली. माझी एक पट्टी बाहेर काढली. दिव्याला धरली. वळवून पुन्हा धरली.

"आ कोणे घस्युं?"

मी पंख्याचं बटण पुन्हा दाबून बघितलं.

"बेन, हे कोणीतरी घासलंय. दात गेले याचे. ही मी परत कशी घेऊ?"

वैशालीचा पारा चढला. दिवसभराची वणवण, उद्याची काळजी. "आमच्याकडे कोण घासणार, परेशभाई? नानांनी उमर मशिनीत काढली आहे. त्यांना कळत नाही का, काय घासायचं नि काय नाही? तुमच्याकडूनच असा माल आला!"

"म्हणजे मी घासून विकतो?"

"मी तसं म्हटलं नाही."

"तसंच म्हटलं, बेन. मला चोर म्हटलं."

त्याने बरोबरची जुन्या पट्ट्यांची पुडी खिशात घातली. तीच पुडी, जिच्यावर उद्याचा सगळा सीझन अवलंबून होता. "मी माझ्या नावावर धंदा करतो. दुसरा कोणी बघा," म्हणाला आणि जिना उतरायला लागला.

वैशाली खुर्चीत बसली. डोळ्यांत पाणी. बायको अजून भिंतीकडेच बघत होती. तिचं काय ते कळत होतं. ती मला वेळ देत होती. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण भिंतीकडे बघून माणसाला एवढं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं.

मी जिन्याच्या तोंडाशी गेलो. खालून त्याच्या चपला वाजत होत्या. आवाज निघेना. आणि निघाला तो लूमच्या कारखान्यातला निघाला. खडखडाटाच्या वर ओरडायची सवय ना!

"परेशभाई! मी घासलं!"

चपला थांबल्या. शेजारचं दार उघडलं. वरचं दार उघडलं. समोरच्या गॅलरीतली बाई कपडे काढता काढता थांबली.

"शुं कह्युं काका?"

"मी घासलं! रॅम! कानशीने! नवी पण मीच मागितली! तू नको म्हणाला होतास!"

सगळ्या गल्लीने ऐकलं. जे तुम्हाला माहीत आहे ते तिथूनच आलंय. कोणी फोडलं म्हणून शोधत बसू नका. मीच फोडलं, मजल्यावरून.

परेशभाई वर आला. माझ्याकडे असं बघत होता, जसं मी पहिल्यांदा सर्व्हरकडे बघितलं होतं. "काका, कानशीने? खरी कानस? लोखंड घासायची?"

"थांबा," बायको म्हणाली. इतक्या वेळात पहिलं वाक्य. "आणूनच दाखवते." आणि आणली! वर्तमानपत्रासकट. सोन्याची भुकटी तिने पुडी करून जपून ठेवली होती.

परेशभाई मटकन खाली बसला आणि हसायला लागला. त्याचं हसू थांबेना. वैशाली हसली नाही. ती म्हणाली, "परेशभाई, माझं चुकलं. माफ करा." माझ्या खोट्याची माफी तिने मागितली. हे मला त्या हसण्यापेक्षा जास्त लागलं.

मग तो कामाला लागला. पेटारा जिवंत कसा राहिला, याचंच त्याला नवल. बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाला, "काका, तुमचं नसीब भारी. बोर्डावर या खाचा दुसऱ्या प्रोसेसरच्या. तो प्रोसेसरच नाही, तर त्याच्या बाजूची रॅम जागीच होत नाही. तुम्ही चुकीची रॅम चुकीच्या जागी लावली म्हणून बोर्ड वाचला. बरोबर जागी लावली असती तर बोर्ड गेला असता."

म्हणजे बघा. दोन चुका केल्या म्हणून निभावलं. एकच केली असती तर सून रस्त्यावर!

मी जरा ताठ झालो असेन. कारण तेवढ्यात त्याने काळं झाकण उचललं आणि त्याचं हसू गेलं.

"इथे काय झालं?"

मी म्हणालो, "ब्रश मारला."

"ब्रश?"

"फणी असते तसं दिसलं. तूस होतं."

तो वैशालीला हळू आवाजात म्हणाला, "बेन, हे प्रोसेसर बसवायचे पाय. केसापेक्षा बारीक. वाकले ते वाकले. आजचं काम अडणार नाही, पहिला प्रोसेसर चालेल. पण दुसरा आता या बोर्डात विसरा."

वैशालीने त्या सोन्याच्या केसांवर काळं झाकण परत ठेवलं. मग म्हणाली, "राहू दे. एकावर भागवू."

मला रागावली असती तर बरं. पूर्वी माझ्या हाताखाली कोणी पार्ट मोडला तर मी त्याचा बाप काढायचो. ती 'राहू दे' म्हणाली. मी खाली जाऊन अंधारात मोरीपाशी उभा राहिलो. दात घासायचं निमित्त करून.

परेशभाईने त्या मळकट पट्ट्या भरल्या घराकडे लावल्या. जुन्या, लेबल निघालेल्या. बसताना आवाजसुद्धा केला नाही त्यांनी. पेटाऱ्याने रॅम पुरी दाखवली. मोठ्या फायली एकदम उघडल्या, चक्र फिरलं नाही. मी जिन्यातून वाकून बघत होतो. आत जायची हिंमत नव्हती.

वैशालीला मी दिसलो. म्हणाली, "नाना, उद्या शेठ येतील तेव्हा तुम्ही जिन्यापाशी खुर्ची टाकून बसाल? मशीनच्या खोलीकडे कोणी जाता कामा नये."

"कोणी म्हणजे कोण?"

"कोणीच," ती म्हणाली. आणि स्वयंपाकघरात भांडं पडलं. बायकोच्या हातून भांडं कधी पडत नाही.

सकाळी मी इस्त्रीचा सदरा घालून जिन्यापाशी बसलो. जयंतीभाई शेठ आले, पांढरे कपडे, हातात दोन फोन. वर तासभर बसले. मी खालून नुसता आवाज ऐकत होतो. "आ खोलो... हवे आ खोलो... बे साथे खोलो..." एक उघड, दुसरी उघड, दोन्ही एकदम उघड, पण पेटारा एकदाही गप्प झाला नाही. शेठ उतरले तेव्हा वैशालीच्या चेहऱ्यावरूनच कळलं. सीझन तिचा.

शेठ माझ्यापाशी थांबले. वयाला मान देणारा माणूस. हिंदीतच म्हणाले, "दादा, आप यहाँ पहरे पे बैठे हैं? बहुत अच्छा. हमारी डिझाइन इधर रहेगी, सँभालना पडेगा. किसी का डर है क्या?"

मी म्हणालो, "है."

"किसका?"

"मेरा."

शेठ पोट धरून हसले. वैशालीला म्हणाले, "तुम्हारे ससुरजी मज़ाक बहुत करते हैं!"

ती वर गेली, मशीनच्या खोलीला कुलूप घातलं, खाली आली, आणि किल्ली माझ्यासमोरून नेऊन सासूच्या हातात दिली.